हात होता की खाज

शिमगा जवळ आला, की डिचोलीतल्या आमच्या घराच्या जनेलातून दोन गोष्टी आत येतात. एक, पिकल्या काजूच्या बोंडांचा तो गोड-आंबूस, डोक्यात शिरणारा वास. आणि दुसरी, कुठल्यातरी देवळात तालमीला बसलेल्या घुमटाचा, त्या आमच्या शिमग्याच्या वाद्याचा, आवाज. वासाचं काही नाही. घुमटाचा पहिला ठोका पडला, की मात्र माझ्या हातात जे असेल ते मी आधी खाली ठेवते. चहाचा कप असो, दुधाचं पातेलं असो. लेक म्हणते, "आई, एकदा बीपी बघून घे." बघितलं. बीपी ठीक आहे. डॉक्टरांना घुमटाबद्दल काय सांगणार?

यंदा शिमग्याच्या तोंडावरच मतदान आलं. शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन मी बटण दाबलं, आणि ते यंत्र 'पीं' करून ओरडलं. केवढ्यानं! मी दचकून मागे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना? सगळ्यांनीच ऐकलं होतं. शाई लावणारी पोरगी हसली. "झालं हो काकी, जावा आता." बाहेर सावलीत येऊन उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं, की माझ्या आधीच्या म्हाताऱ्यालाही तस्साच 'पीं' झाला होता आणि माझ्यानंतरच्या बाईलाही तस्साच. बटण कोणतंही दाबा, यंत्र एकाच सुरात ओरडतं. ज्यानं कोणी ते घडवलं, त्याला आमच्या गावची गोष्ट कुणीतरी सांगितली असणार, असं मला उगाचच वाटत राहिलं.

मी मुळात भित्री. माहेर दोडामार्गच्या बाजूचं. लग्नात मला माहेरहून चार भांडी आणि पोटभर भीती मिळाली. भांडी कधीच पोचे येऊन मोडीत गेली. पेडणे तालुक्यातल्या, पार्स्याच्या पलीकडच्या त्या गावात मी सून म्हणून गेले, तो काळ गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागेचा. भिंतींवर कोंकणी-मराठी वादाच्या घोषणा, पाट्यांना डांबर, बसमध्ये दोन माणसं मोठ्यानं बोलू लागली की बाकीची खिडकीबाहेर बघायची. आमच्या घरात बोलणं कोंकणी, आणि देवळात आरती मराठी. देवापुढं मराठीत गायचं आणि प्रसादावरून कोंकणीत भांडायचं. कोणत्या भाषेत बोललं तर कोण रागावेल याचा नेम नसल्यामुळे पहिलं वर्षभर मी मान हलवूनच काम भागवलं. गावात माझी ख्याती 'गरीब गाय' अशी झाली. गाय गरीब नव्हती, घाबरलेली होती.

घर म्हणजे नारळीच्या भाटात, म्हणजे बागेत, शेणानं सारवलेल्या चार खोल्या. घर आमचं, जमीन भाटकाराची, म्हणजे त्या भाटाच्या मालकाची. अंगणात पडलेला नारळ कोणाचा, हे तो पडला की ठरायचं. माझे सासरे, ज्यांना सगळं घर बाबा म्हणायचं, त्याच घरात जन्मलेले. आमच्यासारख्यांना भाटातून काढता येणार नाही असा कायदा झाला होता म्हणे. पण कायदा राहायचा पेडण्याला आणि भाटकार राहायचा समोर. त्यानं सकाळी कदेल, म्हणजे खुर्ची, बाहेर टाकली, की तिचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा. त्या आवाजाला सासूबाई डोक्यावर पदर घ्यायच्या. तो दिसत नसतानाही.

भाटकार वाईट होता असं नाही. तो ओरडायचासुद्धा नाही. कुणाला काय झालं ते आपल्याला आठवण करून द्यायचा, एवढंच. "तो वयल्या वाड्यार रावतालो, तो आतां खंय रे?" असं सुपारी कातरता कातरता विचारायचा. वरच्या वाड्यावर राहणारा तो कुठं गेला, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं आणि ऐकणाऱ्यालाही.

आमची शेती नदीकाठची. नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधाला मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं. एवढं केलं की भात पिकतं. पण भरतीचं पाणी आत घेतलं तर पाण्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात आणि जाळ्यात सापडतात. दार कधी उघडायचं ते ठरवायची गावच्या शेतकऱ्यांची समिती, आणि समितीचा चेअरमन होता शाबा, भाटकाराचा माणूस. सुंगटं भाटकाराकडे जायची आणि मीठ आमच्या शेतात राहायचं. आदल्या वर्षी लावणी केलेलं भात करपून तांबूस झालेलं मी बघितलं होतं. बाबा बांधावर उकिडवे बसून ओली माती जिभेला लावून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, काय बघताय?" ते म्हणाले, "जेवणात मीठ जास्त जालां गो बाय."

त्या वर्षीच्या शिमग्याआधी समितीची निवडणूक आली. शाबाच्या विरोधात रघुनाथ नावाचा एक शेतकरी उभा राहिला, हेच केवढं धाडस. पद्धत पूर्वापार चालत आलेली: देवळाच्या मंडपात सगळे बसायचे, नाव पुकारलं की हात वर करायचे. शाळेतले मास्तर हात मोजायचे. भाटकार समोर कदेलीवर बसून बघायचा. तो मोजायचा नाही. नुसता बघायचा.

आधी शाबाचे हात मोजून झाले. मग रघुनाथाचं नाव पुकारलं, आणि मंडपात अशी शांतता झाली, की खांबावरच्या पालीनंही चुकचुकायचं टाळलं. मग हात वर येऊ लागले. हात कसले, हातांची पिल्लं ती. कोपरातून मोडलेले, बोटं मिटलेले. कुणी वर करून लगेच टोपी सारखी केली. मी बायकांच्या बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला, छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. तिथं भाटकाराची नजर पोचली. हात थांबला. आणि मग बाबांनी कान खाजवला.

झालं! मास्तरांनी तो हात धरला तर दोन्ही बाजू सारख्या होत होत्या, नाही धरला तर शाबा जिंकत होता. रघुनाथाची माणसं उठली, "हात वयर आसलो!" शाबाची माणसं उठली, "खाज आसली ती, खाज!" एकानं तर बाबांचा कानच तपासला, लाल आहे का बघायला. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तूच सांग बाबा. हात होता की खाज?"

सगळा गाव बाबांकडे बघत होता. बाबा माझ्याकडे बघत होते, का कोण जाणे. कदाचित त्यांच्यासारखं घाबरलेलं दुसरं तोंड मंडपात माझंच असेल. ते म्हणाले, "म्हाका याद ना." आठवत नाही! क्षणापूर्वीचा स्वतःचा हात माणसाला आठवत नाही, यावर गाव पुढं कित्येक महिने हसला. मी नाही हसले. भीतीत माणसाचे अवयव त्याला विचारत नाहीत, हे मला तोवर चांगलं ठाऊक झालेलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलेना. भाटकाराचा निरोप आला, "हात की खाज ते घरा येवन सांग म्हणचें." बाबा गेले नाहीत. अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले, आणि पडून राहिल्यावर खरंच ताप भरला. सासूबाई पेज करायच्या आणि दर घोटाला म्हणायच्या, "कान खाजोवपाक तुका तोच वेळ मेळ्ळो?" आमचे हे तेव्हा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. ते आले, सगळं ऐकलं आणि मला हळूच म्हणाले, "तुझी पेटी भरून ठेव. कधी निघावं लागेल सांगता येत नाही." मी पेटी भरली. मग रोजची लुगडी त्यातूनच काढून नेसू लागले. पेटी भरलेली ठेवायची आणि तिच्यातूनच जगायचं, असा तो शिमगा.

निकाल लागेना, तेव्हा मास्तरांनी फेरनिवडणूक ठरवली. पण हात वर करून नाही, असं लोकांनीच म्हटलं. मोठ्यानं नाही, एकेकट्यानं मास्तरांच्या दारात जाऊन. मग कसं? चिठ्ठ्या लिहाव्यात, तर गावात लिहिणारे थोडे, आणि त्या थोड्यांचं अक्षर सगळ्यांना ओळखू येणारं. देवाला कौल लावावा, तर देऊळ भाटकाराच्या घराण्याचं. शेवटी ठरलं: देवळाच्या कोपऱ्यात झावळ्यांच्या चुडतांचा आडोसा करायचा, आत दोन मडकी ठेवायची, शाबाच्या मडक्याला तांबड्या कावेचा पट्टा, रघुनाथाच्या मडक्याला चुन्याचा. प्रत्येकाच्या हातात एक सुपारी द्यायची. आत जाऊन हव्या त्या मडक्यात टाकायची. कोणी बघणार नाही. गाव खूश झाला. बाबांचा ताप उतरला. ते उठून ओट्यावर येऊन बसले.

आणि मग ती सकाळ. सासूबाई सैंपाकघरात सुकल्या सुपाऱ्या भांड्यांत भरत होत्या. एक टाकली, टक्. दुसऱ्या भांड्यात टाकली, टुक्. बाहेरून बाबा म्हणाले, "सोलांच्या मडक्यांत घालूं नाका गो, आंबट जातली." बाबांची पाठ होती आमच्याकडे.

भित्र्या माणसाचे कान लांब असतात. मी बाहेर गेले. "बाबा, तुम्ही न बघता कसं ओळखलंत?"

"आवाज येता मगे. मिठाचें मडकें वेगळें वाजता, सोलांचें वेगळें."

"मग भाटकारालाही येईल ना आवाज?"

बाबांच्या हातातली विडी हातातच राहिली. तोवर कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. दुसऱ्या गावात चाललंही असतं. पण आमचा गाव घुमटवाल्यांचा. घुमट म्हणजे तरी काय? मातीचं मडकंच, तोंडाला कातडं ताणलेलं. दोन मडकी कधी एकसारखी वाजत नाहीत हे तिथं रांगणारं पोर सांगेल. आणि भाटकाराचा कान तर बाबांहूनही तयार. आरतीत कुणाचं घुमट हवेनं नरमलंय, हे तो डोळे मिटून सांगायचा. आडोशासमोर कदेल टाकून तो बसेल, डोळे मिटेल, आणि गावातला एकेक माणूस त्याला ऐकू येत जाईल. हात वर करण्यात निदान कान खाजवायची सोय होती!

बाबा मास्तरांकडे धावले. मास्तर म्हणाले, तळाला भाताचा कोंडा घालू. तर दोन्ही बाजू ओरडल्या, "कोंड्यांत सुपाऱ्यो लिपयल्यार?" एकदा निवडणूक नासली, की लोकांचा मडक्याच्या बुडावरही विश्वास उरत नाही. मडकी सगळ्यांसमोर पालथी करून, रिकामी दाखवूनच ठेवायची, यावर दोघंही अडून. कपडा नको, कोंडा नको, वाळू नको. सगळे तोंडं पाडून परत आले. तेव्हा सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "शिमगो दारांत आसा. वाजयात मरे घुमट, आनी घालात सुपाऱ्यो."

असं आमच्या गावचं मतदान घुमटाच्या आडोशानं ठरलं. शिमग्यात देवळात घुमट वाजवू नका असं भाटकारालाही म्हणता येईना. आणि वाजवायला, अर्थात, बाबा. त्यांच्याइतका वेळ न थकता वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं. मदतीला शेजारचा विठू, झांज घेऊन.

त्या दुपारचा प्रकाश अजून डोळ्यांत खुपतो. बाहेर काजूची बोंडं तुडवल्याचा वास, आत गर्दीच्या घामाचा. भाटकार आडोशाच्या अगदी जवळ कदेल टाकून बसला होता, डोळे मिटून. बाबांनी घुमट काखेत घेतलं, आणि सुरू केलं. मास्तर एकेकाचं नाव घेत, माणूस सुपारी घेऊन आत जाई, आणि बाबा त्याच क्षणी अशी थाप देत, की खांब थरथरत. कित्येकांची पावलं आत जाताना वाकडी पडत होती, बाहेर येताना सरळ. तसं घुमट मी त्याआधी ऐकलं नाही, नंतरही नाही. आनंदासाठी वाजवलेलं घुमट वेगळं असतं. हे घुमट धापा टाकत होतं.

मी पितळेच्या मोठ्या ताटात कोकम सोलांच्या पाण्याचे पेले घेऊन मंडपाच्या पायऱ्यांपाशी उभी होते. पेले एकमेकांवर किणकिणत होते, कारण माझे हात. सासूबाई पुटपुटल्या, "नीट धर गो." मी नीटच धरलं होतं. हात नीट नव्हते.

सगळ्यांची नावं झाली. मास्तरांनी शेवटचं नाव घेतलं. बाबांचं.

अरे देवा. वाजवणाऱ्यालाही मत असतं, हे आम्ही सगळे विसरलो होतो! बाबांनी घुमट खाली ठेवलं. विठूनं झांज टाकून ते घ्यायला हात पुढं केला. तेव्हा भाटकारानं डोळे उघडले, आणि तळहात वर केला. अगदी हळुवारपणे, आशीर्वाद दिल्यासारखा. "राव रे विठू. कानांक मात्शी सुशेग दी."

कानांना जरा विसावा हवा होता म्हणे. विठूचा हात तिथंच राहिला. त्याचंही घर भाटातलंच. इतका वेळ वाजलेल्या मंडपात आता ती शांतता कानांत दुखू लागली. बाबा सुपारी घेऊन उभे. परत फिरता येत नव्हतं, कान खाजवता येत नव्हता. ते आडोशामागे गेले. चुडतं सळसळून थांबली. भाटकारानं डोळे मिटले आणि मान जराशी त्या बाजूला कलती केली, आरतीत करायचा तशी. मला आमची भरलेली पेटी दिसली. सारवलेलं अंगण दिसलं. बाबा कुठं राहतील, त्यांना दुसऱ्या घरात झोप कशी येईल, असलं काहीतरी मनात आलं.

आणि ताट गेलं.

पहिल्यांदा पेले गेले, मग ताट. दगडी पायऱ्यांवर ते पितळ असं कोसळलं, की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. पेले गडगडत, ठेचकाळत, एकमेकांना हाका मारत खाली गेले. ताट शेवटच्या पायरीवर कडेवर उभं राहिलं आणि गोल गोल फिरत, घण्ण, घण्ण करत, कितीतरी वेळ थांबेचना. सासूबाईंनी त्याहून वरच्या पट्टीत सुरुवात केली, "गे आवय! मोडलें गे घर म्हजें! ताट धरपाक येना, आनी घोवाच्या घरा आयल्या!" मी मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. ते रडणं मात्र खरं होतं.

ताट थांबलं, तेव्हा बाबा बाहेर येऊन उभे होते. हात रिकामा.

मडकी सगळ्यांसमोर ओतली. चुन्याच्या पट्ट्याच्या मडक्यातून सुपाऱ्या येतच राहिल्या, येतच राहिल्या. शाबाच्या मडक्यातून थोड्याशा. बाबांच्या एका सुपारीनं काहीच इकडचं तिकडं झालं नसतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आनंदानं नव्हे, नवलानं. इतके जण होतो आपण? इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, की भिऊन बसलेला आपण एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कदेल घासल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी काठीचा आला, आमच्या अंगणात. भाटकार स्वतः आला होता. मी दाराआड. बाबा उभे. तो ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, प्यायला नाही. मग म्हणाला, "काल सकाळमेरेन सगळे म्हाका म्हणटाले, आमी तुमचेच. सगळे." पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "आतां वाटेर कोण दिसलो, की हांव ताच्या तोंडाक पळयतां. कळना रे." काल सकाळपर्यंत सगळे त्याचेच होते; आता वाटेत भेटलेल्याच्या तोंडाकडे बघूनही त्याला कळत नव्हतं. बाबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी त्याच्या पाठीमागे एक उशी सरकवली. त्याच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. त्या आवाजाशी माझी जुनी ओळख होती.

कुणाचं घर मोडायचं तर आधी विरोधातली सुपारी कोणाची ते ठरायला हवं. ते कधीच ठरलं नाही. मानशीचं दार भरतीला मिटू लागलं. माझी पेटी मात्र मी पुढं बराच काळ रिकामी केली नाही.

बाबा खूप थकल्यावरची गोष्ट. असेच काजूचे दिवस, ओट्यावर आम्ही दोघंच. भाटकार जाऊन वर्षं लोटलेली, घराचे कागद बाबांच्या नावावर झालेले. मी बिया उन्हात पसरत होते. ते एकदम म्हणाले, "सुने, भियेनाका, आतां विचारतां. तें ताट निसटलें, काय सोडलें?"

मी बिया पसरत राहिले. खरं सांगू? तोवर माझंही स्वतःला पुष्कळदा विचारून झालं होतं.

मी म्हटलं, "बाबा, तो हात होता, की खाज?"

ते हसले. मग त्यांचा तो सुकलेला उजवा हात मांडीवरून उठला. सवयीनं त्यांनी एकदा समोरच्या, भाटकाराच्या रिकाम्या ओसरीकडे बघितलं. हात छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. आणि तिथं, इतक्या वर्षांनीसुद्धा, थांबला.